स्वतःचे वजन

उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये घाऊक कापडाचे एक दुकान आहे. दुकानामागे माल साठवण्याचा गाळा आहे आणि त्या गाळ्यात, छतापासून दोन-अडीच फूट खाली, दोन भिंतींमध्ये पक्का बसवलेला एक लोखंडी पाइप आहे. एके काळी त्यावर पडद्यांच्या कापडाचे नमुने टांगलेले असत. २०२२च्या दिवाळीत वहीपूजन आटोपून घरची मंडळी पुढे पेढे वाटत होती. त्या वेळी मालकांचा अठरा वर्षांचा धाकटा मुलगा गाळ्यात गेला, स्टुलावर चढला, त्याने दोन्ही हातांनी पाइप धरला आणि पाय स्टुलावरून उचलले. नऊ सेकंदांत त्याचे हात सुटले. शरीर वर ओढून घेणे दूरच राहिले. त्याला नुसते लोंबकळणेही जमले नाही. त्याची उंची १७० सेंटिमीटर होती आणि वजन ८४ किलो.

त्याला सैन्यात जायचे होते. ही गोष्ट त्याने तोवर घरात कोणाला सांगितली नव्हती.

या इच्छेचे मूळ तीन वर्षे मागे होते. कुटुंबाचे दुकान उल्हासनगरला असले तरी राहते घर बदलापूरला आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीने पात्र सोडले आणि मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, आकाशात हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागले आणि दुपारपर्यंत सर्व प्रवासी सुखरूप बाहेर काढण्यात आले. त्या दिवशी या कुटुंबाच्या इमारतीच्या तळमजल्यातही पाणी होते. मुलगा गच्चीवर उभा राहून हेलिकॉप्टर पाहत होता. घरातील मोठी माणसे विमा आणि भिजलेला माल यांविषयी बोलत होती. त्यात चुकीचे काही नव्हते. व्यापाऱ्याने मालाची काळजी करायचीच असते. मुलाच्या मनात मात्र एवढेच राहिले, की ज्यांचे त्या गाडीत कोणीही नव्हते, ती माणसे पाण्यात उतरली होती.

उल्हासनगरमध्ये वाढणाऱ्या मुलाला सैन्याची आठवण देणाऱ्या खुणा पावलोपावली भेटतात, फक्त त्या खुणा आहेत हे कोणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे सैन्याची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच छावणीच्या बराकींमध्ये आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. सैनिक गेले, पण पत्त्यांमधून ‘कॅम्प’ आणि ‘बराक नंबर’ हे शब्द गेले नाहीत. आजही येथील बिलांवर ते छापलेले असतात. जिथे एके काळी सैनिकांच्या खाटा मांडलेल्या असत, त्या परिसरात आता कापडाचे तागे आणि तयार कपड्यांचे ढीग असतात. मुलाचे आजोबा नगर जिल्ह्यातून येथे आले ते या बाजारपेठेसाठी. सैन्याशी घराण्याचा संबंध एवढाच, की पत्त्यात ‘कॅम्प’ होता.

२०२२च्या जूनमध्ये केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुंब्र्याच्या कौसा भागातील मैदानावर भरती मेळावा झाला. त्या दिवसांत लोकलच्या फलाटांवर नाशिक, धुळे, नंदुरबारकडची मुले कागदपत्रांच्या पिशव्या उशाशी घेऊन झोपलेली दिसत. कॉलेजला जाताना या मुलाने ती पाहिली. त्यांच्यापैकी एकाशी बोलताना त्याला परीक्षेचे गणित कळले. १६०० मीटर धावायचे. तेव्हाच्या नियमानुसार साडेपाच मिनिटांच्या आत आल्यास ६० गुण, त्यापुढे पावणेसहा मिनिटांपर्यंत ४८ गुण. मग बीम, म्हणजे आडव्या दांड्याला लोंबकळून हनुवटी दांड्यावर नेणे. असे दहा वेळा जमल्यास ४० गुण, नऊ वेळा ३३, आठ वेळा २७, सात वेळा २१, सहा वेळा १६. सहाच्या खाली काहीच नाही. शिवाय नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणे, यांत केवळ उत्तीर्ण व्हावे लागते. वयाची नेहमीची मर्यादा तेव्हा साडेसतरा ते एकवीस होती. म्हणजे त्याच्या हाती तीन वर्षांहूनही कमी काळ होता आणि शिल्लक नऊ सेकंदांची होती.

सुरुवात त्याने चुकीची केली. व्यापारी घरातील मुलाला भाव पाडून माल लवकर उचलण्याची सवय असते. वजनही तसेच एकदम पाडता येईल असे त्याला वाटले. आंबील आणि उपवास या घराला नवे नव्हते. पंचवीस दिवस तो मुगाचे पाणी आणि दोन खाकरे यांवर राहिला. काटा सहा किलोंनी खाली आला. घरात कौतुक झाले. पण पाइपला लोंबकळण्याचा वेळ, जो मधल्या काळात वीस सेकंदांपर्यंत गेला होता, तो बारावर आला. जिने चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. शेवटी ते सारे सुटले आणि लग्नसराईच्या तीन आठवड्यांत चार किलो परत आले.

त्याची दादी तेव्हा ७८ वर्षांची होती. तिने आयुष्यात अठाई अनेकदा केल्या आहेत. नातवाचा हा प्रकार तिने शांतपणे पाहिला आणि एके दिवशी म्हणाली, “बेटा, उपवासात माणूस खाणं सोडतो आणि खाण्याचा विचारही सोडतो. तू फक्त खाणं सोडलंस आणि दिवसभर काट्याचा विचार केलास. हा उपवास नाही, हे उपाशी राहणं आहे. तपाला असल्या कामाला लावू नकोस.”

हे बोल अनेक घरांनी मनावर घेण्याजोगे आहेत. तप हा आत्मशुद्धीचा मार्ग आहे आणि वजन घटवणे हा शरीराचा व्यवहार आहे. दोहोंची सरमिसळ केली तर तपाचे पावित्र्यही राहत नाही आणि शरीराचे कामही होत नाही.

फेब्रुवारी २०२३मध्ये तो अंबरनाथच्या एका मैदानावर पोहोचला. आयुध निर्माणीमुळे अंबरनाथला संरक्षण खात्याशी जोडलेली कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यामुळे भरतीची तयारी करणारी मुलेही. तेथे सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार पहाटे मुलांकडून सराव करून घेत. मुले त्यांना ‘उस्ताद’ म्हणत. उस्तादांनी नव्या मुलाला आपादमस्तक न्याहाळले आणि आधी रक्त तपासून आणायला सांगितले. तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. शुद्ध शाकाहारी घरांत हे पुष्कळदा आढळते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि महिन्या-दोन महिन्यांत अंधारी येणे थांबले.

उस्तादांनी दुसरी गोष्ट सांगितली ती अशी, की बीमच्या वहीला दोन बाजू असतात. एका बाजूला हातापाठीची ताकद, दुसऱ्या बाजूला स्वतःचे वजन. ताकद तशीच राहून दहा किलो वजन उतरले, तर प्रत्येक खेपेला दहा किलोंचे ओझे कमी झाले. पण वजनाबरोबर ताकदही गेली, तर वहीत काहीच जमा होत नाही. “तू सहा किलो उतरवलेस आणि त्यात हातही उतरवलेस,” असे ते म्हणाले. मग त्यांनी वेग ठरवून दिला. आठवड्याला अर्धा किलो, त्याहून अधिक नाही.

हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. रोजच्या गरजेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी घेतल्या, की आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतो. आता दुकानातील चहा मोजू. गिऱ्हाइकाबरोबर एक, दलालाबरोबर एक, वसुलीला आलेल्या माणसाबरोबर एक, असे दिवसाला सात कप होत. प्रत्येक कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर. दिवसाला ७० ग्रॅम साखर, म्हणजे २८० कॅलरी, महिन्याला ८४००. शरीर इतक्या सरळ बेरजेने चालत नाही हे खरे, तरीही नुसत्या चहाच्या साखरेत महिन्याला जवळजवळ एक किलोचा हिशेब दडलेला होता. मुलाने चहा सोडला नाही, कारण चहा नाकारणे बाजारात उद्धटपणाचे समजतात. त्याने साखर सोडली आणि कप दोनवर आणले. चारच्या सुमारास उघडणारा फरसाणाचा डबा बंद केला. एवढ्यावरच काटा हलू लागला.

प्रथिनांचा प्रश्न अवघड होता. मैदानावरील इतर मुले सहज म्हणत, “अंडी खा.” हे घडणार नव्हते आणि तसे करण्याची गरजही नव्हती. शंभर ग्रॅम सोयावडीत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात, मुगाच्या डाळीत २४, शेंगदाण्यांत २५, हरभऱ्यात २०, पनीरमध्ये १८. स्वयंपाकघरात हे सगळे होतेच. फक्त ताटातील प्रमाण उलटे होते. चार पोळ्या आणि वाटीभर वरण याऐवजी दोन पोळ्या आणि दोन वाट्या घट्ट डाळ असे केले, की निम्मे काम होई. द्विदलाचा नियम घरात पाळला जातो, म्हणून कच्चे दही आणि डाळ एका जेवणात येत नसत. पनीर सकाळी आणि कडधान्य दुपारी अशी त्याच्या आईने विभागणी केली. भरतीच्या सरावाला आईचा विरोध होता, पण मुलाच्या ताटाचा हिशेब तिने एक दिवसही चुकवला नाही.

सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम आड येईल अशी त्याला भीती होती. प्रत्यक्षात तो उपकारक ठरला. बाजारातील अर्धे अतिरिक्त खाणे रात्री नऊनंतरचे असते आणि चौविहार करणाऱ्याच्या ताटात ते येतच नाही. अडचण इतकीच, की संध्याकाळी व्यायाम करून त्यानंतर काही न खाता झोपणे शरीराला झेपत नाही. म्हणून व्यायाम पहाटे गेला. बदलापूरहून पहाटेची लोकल, एक स्टेशन पुढे अंबरनाथला उतरून सराव, नवकारशी झाल्यावर डब्यातील नाश्ता आणि पुन्हा एक स्टेशन पुढे उल्हासनगरला दुकान. घर, मैदान आणि दुकान एकाच रुळावर ओळीने लागले.

बीमचा सराव उस्तादांनी पायरीपायरीने दिला. पहिली पायरी म्हणजे नुसते लोंबकळणे, एका दमात साठ सेकंद होईपर्यंत. दुसरी पायरी, कोपर न वाकवता फक्त खांदे कानांपासून खाली ओढणे. तिसरी, कमरेएवढ्या उंच दांड्याखाली पाय जमिनीला टेकवून आडवे व्हायचे आणि छाती दांड्याकडे ओढायची. चौथी सर्वांत मोलाची होती. स्टुलावरून हनुवटी दांड्यावर न्यायची आणि तेथून पाच, मग सात, मग दहा सेकंद घेत सावकाश खाली यायचे. वर जाण्याची ताकद नसते तेव्हाही आवरून खाली येण्याची ताकद असते, आणि वर जाण्याची ताकद त्यातूनच तयार होते. हे आठवड्यातून तीनच दिवस, कारण स्नायू बळकट होतात ते विश्रांतीच्या दिवशी. धावण्यातही तसेच. पहिले दोन महिने जोराने चालणे, कारण जड शरीराने एकदम धावले तर गुडघे बोलू लागतात. त्यानंतर चारशे मीटरच्या फेऱ्या. साडेपाच मिनिटांत यायचे तर अशा चार फेऱ्यांपैकी प्रत्येक फेरी ८२ सेकंदांत पुरी झाली पाहिजे.

एप्रिलपर्यंत तो दहा सेकंद घेत खाली येऊ लागला, पण वर जाणे काही होईना. हात थरथरत, कोपर अर्धवट वाकत आणि तेथेच थांबत.

या अडचणीतून वाट दाखवली ती दुकानातील हमालाने. पन्नाशीचा हा माणूस साताऱ्याकडचा, अपशिंगे गावाच्या पंचक्रोशीतला. हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि आजही तेथे घराघरांत सैनिक आहेत. या हमालाचा पुतण्या सैन्यात होता आणि स्वतःचा मुलगा दोनदा भरतीतून परत आला होता. दुपारी गाळ्यात धडपडणाऱ्या मुलाला त्याने काही दिवस पाहिले आणि मग म्हणाला, “छोटे शेट, तुम्ही हातानं वढताय. वझं हातानं उचलायचं नसतं, पाठीनं उचलायचं असतं. हात म्हंजे नुसते आकडे.” एवढे बोलून त्याने चप्पल काढली, पाइप धरला आणि गाठी उतरवून थकलेल्या अंगाने सावकाश पाच बीम काढले. खाली उतरून तो पुन्हा कामाला लागला.

मुलगा कितीतरी वेळ त्या पाइपाकडे पाहत राहिला. या माणसाने तीस वर्षे या दुकानाचा माल उचलला होता. माथाडी कायदा १९६९ सालचा. त्यानुसार नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी हे सारे या दुकानाने नियमाने भरले होते आणि वडिलांना त्याचा सार्थ अभिमान होता. परंतु घरातील तीन पिढ्यांपैकी कोणीही त्या गाठीचे एक टोकसुद्धा कधी उचलून पाहिले नव्हते. मजुरी देऊन ओझे उचलून घेता येते, ते न्याय्यही असते. बीमच्या दांड्याखाली मात्र ही सोय नाही. तेथे कोणी उधार देत नाही, भागीदार घेता येत नाही, मुनीम नेमता येत नाही. जितके वजन आपण साठवले, तितके आपणच उचलायचे.

त्या दिवसापासून तो हात विसरून कोपर बरगड्यांकडे ओढू लागला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिला मोठा पाऊस झाला त्या सकाळी, त्याची हनुवटी पहिल्यांदा दांड्यावर गेली. वजन त्या दिवशी ७७ किलो होते. ही वार्ता त्याने प्रथम हमालाला दिली आणि मग घरी सर्व काही सांगून टाकले.

वडिलांनी आवाज चढवला नाही. त्यांनी कागद घेतला. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातील २१ हजार हाती. चौथ्या वर्षी ४० हजार, त्यातील २८ हजार हाती. उरलेली रक्कम सेवानिधीत, तितकीच सरकारची भर, आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार. त्यानंतर शंभरातील पंचवीस जण सैन्यात राहतात, पंच्याहत्तर परत येतात. “दुकान तुला याहून जास्त देईल,” ते म्हणाले. “आणि दुसरं ऐक. त्या फलाटावर झोपलेल्या मुलांना ही नोकरी म्हणजे घराचा आधार आहे. तुझ्याकडे दुकान आहे. त्यांची जागा तू का घ्यायची? आणि शस्त्र हातात घेणार, त्याचं काय?”

प्रश्न तिन्ही खरे होते. पैशांच्या प्रश्नाला मुलाने उत्तर दिले नाही, कारण तेथे वडील बरोबर होते. दुसऱ्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “पप्पा, जागा गुणांवर मिळते. त्यांच्यात मी कमी पडलो तर परत येईन. पण आपल्याकडे दुकान आहे म्हणून सीमेवर त्यांच्याच मुलांनी उभं राहायचं, हे मला पटत नाही. आपल्या गाठीही तेच उचलतात.”

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दादीने दिले. शास्त्राने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद केले आहेत आणि गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य असली, तरी रक्षणासाठी करावा लागणारा विरोध त्याच्या कर्तव्यातून वगळलेला नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती दहाव्या शतकात ज्याने घडवून घेतली, तो चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. दादी मात्र शास्त्रार्थात शिरली नाही. तिने लहानपणी पाठशाळेत सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट काढली. भरत आणि बाहुबली यांची सैन्ये समोरासमोर उभी राहिली, तेव्हा मंत्र्यांनी विनवले, की तुमच्या वादात या सैनिकांचे प्राण का जावेत? मग दोघा भावांनी सैन्य बाजूला उभे केले आणि स्वतःच्या देहाने द्वंद्व केले. “राजे होते,” दादी म्हणाली, “त्यांच्यासाठी लढायला लाखो होते. तरी स्वतः उतरले. आणि शेवटी बाहुबलींनी जिंकून हात खाली घेतला, हेही विसरू नकोस. हात उचलता येणं आणि वेळेला तो थांबवता येणं, दोन्ही शिकून ये.”

वडिलांनी होकार दिला नाही. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे मुलाला स्टेशनवर सोडायला ते स्कूटर काढू लागले.

पुढचे वर्ष दिसायला कंटाळवाणे गेले. खरी तयारी तशीच असते. डिसेंबर २०२३मध्ये वजन ७३ आणि बीम पाच. पुढच्या मे महिन्यात वजन ७० आणि बीम सात. मधल्या काळात दोन महिने काटा जागचा हलला नाही. उस्तादांनी खाणे आणखी कमी करू दिले नाही, झोप मात्र साडेसहा तासांवरून साडेसातवर नेली. पावसाळ्यात मैदान चिखलाचे झाले, तेव्हा बारवी धरणाच्या रस्त्यावर धावणे झाले. पर्युषणात त्याने संवत्सरीचा उपवास केला आणि त्या आठवड्यात वजन केलेच नाही. दादीला हे न सांगता कळले.

त्या वेळेपर्यंत भरतीत ऑनलाइन लेखी परीक्षा आधी येऊ लागली होती. २०२४मध्ये तो लेखी उत्तीर्ण झाला आणि मेळाव्याच्या मैदानावर पोहोचला. वजन ६९ किलो. धावण्यात पाच मिनिटे ३८ सेकंद, म्हणजे दुसरा गट, ४८ गुण. बीमवर हात पूर्ण सरळ, पाय स्थिर, हनुवटी दांड्याच्या वर, अशी प्रत्येक खेप काटेकोर मोजली जात होती. आठ झाले. नवव्याला हनुवटी दांड्याशी आली आणि तेथेच थांबली. २७ गुण. शंभरात पंच्याहत्तर. त्याच्या शेजारच्या रांगेत नंदुरबारकडचा एक सडपातळ मुलगा दहा बीम काढून खाली उतरला आणि तळहातांवर फुंकर घालत हसला. या मुलाने जाऊन त्याच्याशी हात मिळवला.

निवड यादी लागली. तिच्यात त्याचे नाव नव्हते.

घरात त्या रात्री कोणी विषय काढला नाही. नातेवाइकांपैकी काहींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो लपवलाही नाही. वयाच्या मर्यादेत अजून एक संधी शिल्लक होती. ती घ्यायची की दुकानाच्या गादीवर बसायचे, हे कोणी त्याला विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. पंधरा किलो उतरलेले शरीर, चढता जिना न लागणारी धाप, नियमाने चालणारे ताट, हे सारे त्याच्यापाशीच राहणार होते. यादीत नाव नसले तरी ही जमा कोणी वजा करू शकत नव्हते. पण त्याला हवे होते ते हे नव्हे, हेही तितकेच खरे होते.

सोमवारी सकाळी मालाचा टेम्पो आला. हमालाने गाठी उतरवल्या. दुपारी गिऱ्हाईक विरळ झाल्यावर मुलगा गाळ्यात गेला आणि पाइपाखाली उभा राहिला. वडील वहीत रकमा टिपत होते. दोन वर्षांत त्यांनी रोजची विक्री, रोजची वसुली, रोजचा भाव विचारला होता. त्या पाइपाविषयी मात्र एकदाही काही विचारले नव्हते.

मुलगा घाम पुसत बाहेर आला. वडिलांनी वहीतून मान वर न करता विचारले, “आज किती?”

“आठ.”

वडिलांनी पेन खाली ठेवले. “दहाला अजून किती महिने?”